वर्ग आठवा

नंदेसरीच्या तीन नंबर फाटकावर माझी खुर्ची.
एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या चलनांची घडी.
रात्रपाळीचा पहिला टँकर सव्वादहाला:
अठराशे तीस. सल्फ्युरिक ॲसिड, अठ्ठ्याण्णव टक्के.
कागदावर असं. तोंडात नुसतं तेजाब.

मी विचारते, तो दाखवतो.
चाकाची पाचर? सायलेन्सरची जाळी?
चष्मा, रबरी मोजे, कोरड्या वाळूची बादली?
छे, कर्णिकबेन, बधुं छे.
झडपेच्या सीलला मी हात लावून बघते.
नुसतं बघितलं तर
बघितल्यासारखं वाटत नाही.

पाटीवर कालचा हालोल रोडचा चिखल.
भालाभाई राठवा गमछ्याने पुसतो
आणि खालून वर येतं चित्र:
दोन नळ्या कलंडलेल्या,
एक थेंब धातूवर, एक हातावर.

आ हाथ कोनो, बेन?
दर खेपेला विचारतो.

त्या हाताला रेषा नाहीत, नखं नाहीत.
कुठल्या तरी लांबच्या टेबलावर कुणीतरी काढला,
सगळ्या जगाला समजावा म्हणून.
सगळ्यांना समजतो.
ओळखत मात्र कुणी नाही.

भालाभाई कवांटला आठवीपर्यंत शिकला.
पाटीच्या तळाशीही आठच.
वर्ग आठवा, मी मराठीत म्हणते
आणि एकटीच हसते.
त्याला कसं सांगू, आमच्याकडे हा आकडाही आहे
आणि आर्जवही.

आणीबाणीचं कार्ड आलं इंग्रजीत.
ते मी एका रविवारी, दांडिया बाजारच्या घरी,
कुकरच्या शिट्ट्या मोजत गुजरातीत उतरवलं.
एका शब्दाला अडले.
सांडणं, गळणं, झिरपणं, ओघळणं,
मोठ्याने म्हणून बघत होते.
आतून आईने विचारलं, काय गं सांडलं?
म्हटलं, अजून काही नाही.

दोन ओळी लाल शाईने लिहिल्या.
सांडलेल्या तेजाबावर पाणी ओतू नका.
अंगावर उडालं तर पाणीच, भरपूर, थांबू नका.
आ तो ऊंधुं छे, भालाभाई म्हणाला.
उलटंच आहे.
म्हणून तर पाठ करायचं.
भ्यालेला माणूस सुलट तेवढंच करतो.

अंकलेश्वरला ना? बायपासने जा.
शहरातून जवळ पडतं, माहीत आहे मला.
मांडवीखाली आज पाय ठेवायला जागा नाही.

तो सही करतो.
पेन धरताना तळवा उलगडतो दिव्याखाली:
भेगा, डिझेल, करंगळीशी जुना पांढरा डाग.
तो कशाचा, मी कधी विचारलं नाही.
रकान्यात तेवढी जागाच नाही.

दहा एकतीस, मी लिहिते.
मागचे दिवे रासायणीच्या धुरकटात
लाल, मग गुलाबी, मग नुसता रस्ता.
पुढचा हॉर्न वाजवतोय.
खुर्ची डुगडुगते. घडी सरकली वाटतं.