पाणी समान झाल्यावर

वीबे झाइल्स्ट्रा, तुम्ही मार्चअखेर निवृत्त होताय
म्हणून मी कंपायलरच्या पोटात शिरलेय.

तसं मला तिथे कुणी बोलावलं नव्हतं.
प्लगिन म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा,
घर दुसऱ्यांनी बांधलेलं, जिने त्यांचे, वाटा त्यांच्या,
आपण एका दाराशी नाव नोंदवायचं
आणि हाक येईपर्यंत बसून राहायचं.
झाड उभं राहिलं की हाक येते.
झाड म्हणजे प्रोग्रामचंच, पण मूळ वर आणि फांद्या खाली.
हे सांगितलं तेव्हा तुम्ही बांधावरच्या वाकलेल्या पॉपलरकडे बोट केलंत:
"वारा असला की आमच्याकडेही
कुठलंच झाड सरळ नसतं."

नोव्हेंबरात तीन दिवस मी तुमच्या केबिनमध्ये बसले होते.
खाली कालवा, पलीकडे समुद्र, मध्ये लोखंडाची दारं,
हार्लिंगेनकडे निघालेल्या बोटी रांगेत.
नियम काय, मी विचारलं.
"पाणी समान झाल्यावर उघडायचं."
आणखी?
"आणखी काय असणार?"

पडद्यावर दोन आकडे एक झाले.
तरी तुम्ही बटण दाबलं नाही.
उठलात, खिडकीची काच बाहीने पुसलीत,
भिंतीवरची ओली रेघ पाहिलीत,
मग परत येऊन बसलात.
हे कशासाठी?
"सवय."
कॉफी तोवर गार झाली होती.

ती सवय मी आता लिहितेय.
जिथे जिथे 'दार उघड' अशी आज्ञा आहे
तिथून उलट्या पावली मागे जायचं,
प्रत्येक वाटेने, प्रत्येक वळणाने,
आणि विचारायचं: इथे येण्याआधी कुणी पाणी पाहिलं का?
पहिल्या दिवशी नऊशे इशारे आले.
आन्स्के म्हणाली, लांडगा आला रे आला,
आणि तिच्या मशीनवर माझा प्लगिन बंद करून टाकला.
तिचं बरोबर होतं.
वंगणाच्या डब्याच्या झाकणालाही मी दार समजत होते.

मग तीन आठवडे चाळण.
नऊशेंचे साठ, साठांचे सात.
काल संध्याकाळी एक.

रात्रीच्या आणीबाणीची वाट.
वीज गेली, मोजपट्टी गप्प झाली
तर ती पातळी न विचारता थेट दारापाशी पोचते.
अकरा वर्षांपूर्वी लिहिलेली,
शेवटी आद्याक्षरं येल्त्ये तेर्प्स्ट्राची,
म्हणजे माझीच.
आणि वर एका ओळीची टीप:
"इथे तपासणी नको. वीबे बघतात."

कंपायलर टिपा वाचत नाही, वीबे.
पहिल्याच पायरीवर त्या झाडून टाकतो,
झाड उभं राहण्याच्या कितीतरी आधी.
अकरा हिवाळे त्या दारावर पहाऱ्याला
फक्त एक झाडून टाकलेलं वाक्य होतं
आणि तुमची बाही.

मी इशाऱ्याची चूक केली:
आता ही वाट असेल तर प्रोग्राम बनणारच नाही.
चुकीचा मजकूर काय लिहायचा यावर तासभर गेला.
'पातळी पडताळलेली नाही' लिहिलं, खोडलं.
शेवटी तुमच्या फ्रीजियनमध्ये दोनच शब्द ठेवले,
आधी बघा.
आन्स्केने ते वाचलं आणि प्लगिन पुन्हा चालू केला.

पुढल्या वर्षी कंपायलरची नवी आवृत्ती येईल,
यजमान आतल्या खोल्यांची नावं बदलतील,
माझा नागोबा बिळाबाहेर पडेल.
तेव्हा कुणी त्याला पुन्हा आत घेईल का, ठाऊक नाही.

तुमच्या जागी येणारा मुलगा चोवीस वर्षांचा आहे.
काल त्याला केबिन दाखवली.
त्याने विचारलं, ही एकच काच इतकी स्वच्छ कशी?