दहापर्यंत

वरुडच्या अलीकडं, रोडले लागून,
टिनाचं शेड. आत पट्टा फिरते.
पट्ट्यावर संत्रा येते मेन लावून, चमकत,
आन् आमी अकरा बाया दोन्ही आंगानं बसून
डागी काढतो, फुटकी काढतो, बारीक काढतो.
मी बासष्टची. कागदावर चोपन्न.

मले कोनी काढू नये म्हनून
मी काय काय करते, सांगू?

सकायचा चहा सोडला.
जेवनापर्यंत पानी नाई.
ओठ फुटतेत, फुटू दे.
लुगडं कायं नाई त गर्द जांभयं.
लेकीनं संक्रांतीले आनलेलं पोपटी पातय
पेटीतच हाय, घडीवर.
आतून जुन्या धोतराची पट्टी,
मालकाचं धोतर. मानूस गेला तवा
कोनाले द्याव समजत नव्हतं.
आता कामाले येते.

पिशवीत दुसरी पट्टी, पन्नीत गुंडायलेली.
डबा त्या पिशवीत नाई ठेवत,
डबा हातात आनते.

शिंक आली का आवयते.
खोकला आला का आवयते.
कॅरेट उचल म्हनलं का म्हनते,
कंबर गेली वं माही.
कंबर चांगली हाय.

संडास ट्रकाच्या पलीकडं. दार हाय, कडी नाई.
जाच असलं का हर्षलले सांगा लागते.
हर्षल माह्या नातवाएवढा,
मोबाईलातून मान काढत नाई, हात हालवते फक्त.
एकदा चवथ्या खेपेले त्यानं मान काढली:
"आजी, शुगर हाय का तुमाले?"
दहाही जनी संत्र्याकडं पाहू लागल्या.
तिसऱ्या खेपेच्या पुढं मंग मी गेलीच नाई कधी.

वासाचं भेव इथी कमी.
साल सारं झाकते.
तरी फुटक्या संत्र्याचं सालपट
कमरेले खोचून ठेवते मी,
चोरीचं ठेवावं तसं.

मांग पूस महिन्यात गाडी भरून राह्यली होती,
पट्टा थांबत नव्हता,
मी बी थांबली. मंग नाई थांबता आलं.
बुडाखालचं पोतं ऊन ऊन झालं.
मी पायानं पान्याची बकेट लवंडली.
हर्षल वरडला.
बाजूची रंजना म्हने, "माहाच धक्का लागला, भाऊ."
तिचा धक्का लागला नव्हता.
तिनं पाह्यलं होतं.

घरी जाताना ऑटोत, इंजिनाच्या आवाजात,
मायाकडं न पाहता बोलली:
"तिसऱ्या पोरापासून मले बी हाय."
एकतीस वर्साची पोरगी!
मी समजत होती हे म्हातारपन हाय.
मी समजत होती हे माह्यंच हाय.

उपकेंद्रात दोघी गेलो, शुक्करवारी.
उईके सिस्टरनं लघवी तपासली,
पानी तोडलं म्हनून मलेच बोलली,
आन् दार लावून सांगतलं:
"चालू धार मधातच रोखतो ना, तसं आतून आवयायचं.
दहापर्यंत मोजायचं. सोडायचं. पुन्हा.
तीन महिने तरी."
मी म्हनलं, बाई, दिवसभर बसून काम, येळ कुठी?
थे म्हने, बसूनच करा लागते.
कोनाले दिसत नाई.

तवापासून
पट्ट्यावर संत्रा येते, एक,
आवय,
दोन, तीन,
डागी बाजूले, चार,
दहावा गेला का सोड.
रंजना बी मोजते.
समोरच्या द्वारकेनं विचारलं नाई काई,
दोन दिवस आमच्या ओठांकडं पाह्यलं,
मंग तिचे बी हालू लागले.
आता सात जनी मोजतेत.

काल हर्षल फोनवर शेटले सांगे,
"बाया लय मन लावून मोजून राह्यल्या, शेटजी."
रंजनाले हासू फुटलं, द्वारका खाली वाकली,
मी म्हनलं, मले हासवू नको वं पोरी,
सहाच झाले अजून.