झाकण

रविवारी रात्री, धायरीच्या घरात
ओट्याशी उभा राहून
मी दोन लिटर पाण्यात पावडर ढवळतो आहे.
चव : समुद्राच्या पाण्यात लिंबू पिळलेलं,
आणि त्यात कुणीतरी कंपासपेटी धुतलेली.
दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास.
सुहासिनी घड्याळाकडे बघून
शाळेच्या शिपायासारखी ओरडते, "चार नंबर!"

तीन दिवस पालेभाजी नाही, टोमॅटो नाही, बिया नाहीत.
पेरूवाल्यासमोरून मान खाली घालून गेलो.
आज तर नुसतं नारळपाणी, गाळलेला रस.
कोकम नको, म्हणाल्या सिस्टर रोहिले,
लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.
किती सहज म्हणाल्या.
आमच्या घरात हा शब्द
अख्खं एक वर्ष कुणी उच्चारला नव्हता.

मी महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात. सत्तावीस वर्षं.
रास्ता पेठेपासून कात्रजपर्यंत
कुठली लाइन कुठे वळते, झोपेत सांगेन.
आता आमच्याकडे चाकांवरचा कॅमेरा आहे,
पाइपात सोडायचा आणि वर गाडीत बसून बघायचं :
मूळ कुठून शिरलंय, भेग कुठे आहे,
भिंतीला चिकटलेला गोळा केवढा आहे.
एवढासा असताना सापडला तर दोन माणसं, एक सकाळ.
नाही सापडला तर रस्ता खोदा, वाहतूक वळवा,
लोकांच्या शिव्या खा.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
झाकलेलं चेंबर केवढ्याला पडतं
ते मला विचारा.

दादानं विचारलं नाही.
मूळव्याध आहे म्हणायचा, उष्णता आहे,
ताकात जिरेपूड घालून प्यायचा
आणि संडासात एक बादली जास्त ओतून बाहेर यायचा.
सगळं पोटात ठेवायची सवय त्याला,
माझी चोरून ओढलेली पहिली सिगारेटसुद्धा.
हेही ठेवलं.
पन्नासाव्या वर्षी कळलं तेव्हा
खोदायला रस्ताच उरला नव्हता.

आणि मी? त्यानंतर बारा वर्षं
शहरभर झाकणं उघडत हिंडलो.

पाचवा ग्लास. आता बोलायला वेळ नाही.

अकरा वाजता. साडेअकराला. एकला.
कडी लावायचं केव्हाच सोडून दिलं.
पहाटे उरलेला जग, पुन्हा तेच,
आणि मग खाली पाहिलं तर
पिवळसर, नितळ, तळ दिसणारं पाणी.
मुठेला असं पाणी मी कधी आणू शकलो नाही.
सुहासिनीला बोलावून दाखवलं,
चोवीस वर्षांच्या संसारात प्रथमच.
ती वाकून म्हणाली, "पास."

पाठीमागे उघडा गाऊन. डावी कूस. गुडघे पोटाशी.
"काय करता आपण?" डॉक्टर ताम्हाणेबाईंनी विचारलं.
म्हटलं, "हेच."
त्या हसल्या की नाही, ते कळायच्या आत
सुईतून झोप आली.

वाटाण्याएवढा एक कोंब होता म्हणे.
तिथल्या तिथे काढला, तपासायला पाठवला.
"राहू दिला असता तर?"
"सगळेच वाढत नाहीत," बाई म्हणाल्या,
"पण कुठला वाढणार, ते त्याच्याकडे बघून कळत नाही."
तीन वर्षांनी पुन्हा या.

बाहेर बाकावर मिहिर, दादाचा मुलगा,
मांडीवर माझं घड्याळ, अंगठी, चपलांची पिशवी.
हनुवटी थेट बापाची.
गाडीत म्हणाला, "काका, दुखलं?"
"पावडर वाईट आहे. बाकी काही नाही."
सिंहगड रोडला सिग्नल लागला.
कडेला आमच्याच खात्याची गाडी,
दोघेजण उघड्या चेंबरवर वाकलेले.
"पुढच्या महिन्यात चाळीस ना तुला?
तुझं नाव देऊन आलोय आत."
"मला काहीच त्रास नाहीये, काका."
"मलाही नव्हता."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले.
मिहिरनं अजून गिअर टाकला नव्हता.