हातचा एक

वार्डो बेटावर नोव्हेंबरातला उजेड
दुपारी येतो, बूट न काढताच परत जातो.
तेवढ्यात सोलफ्रिड दारातला बर्फ उपसते:
फावड्याचा दांडा डाव्या काखेत,
जोर उजव्याचा,
आणि कमरेतून एक वळण, जे तिला कुणी शिकवलेलं नाही.

डावा हात कोपराखाली वीतभर. जन्मापासून एवढाच.
"गेला" असं ती म्हणत नाही.
आलंच नव्हतं ते जाईल कसं?

एकसष्ट वर्षं.
बरणी गुडघ्यांत, झिप दातांत, पाव हनुवटीखाली,
टपालाच्या थैल्या एकाच खांद्यावर,
आणि मधली दोन वर्षं एक मूल, तेही त्याच बाजूला.
त्याला वाटायचं, आईला कडेवर एकच जागा असते.

जमतं सगळं, असं ती विचारणाऱ्यांना सांगत आली.
जमतच होतं.
शाळेतल्या बेरजेत हातचा डावीकडे जातो;
हिचा उजवीकडे गेला,
रोज एक,
आणि खांद्यावर, मानेच्या मुळाशी
मांडायचा राहून साठत गेला.

दवाखान्यात सिव्हर्ट. तिशीचा, गार बोटांचा.
कुठे दुखतं, दाखवा.
ती उजवा हात उचलते, अर्ध्यात थांबते.
आयुष्यभर सगळं उचललेला हात
स्वतःच्याच फऱ्यापर्यंत पोचत नाही.
बरं, किती दुखतं? एक ते दहा?
"पाच," ती म्हणते. "माझ्याकडे तेवढीच आहेत."

हसावं की नाही, त्याला कळत नाही.
तो लिहितो: पाच.
मग म्हणतो, त्या हाताला जरा विश्रांती द्या.
देईन की.
कॉफी ओतायला तुम्ही याल?

कपाटात एक बनवलेला हात आहे,
भरल्या किटलीएवढा जड.
त्याची नखं तिच्याहून नीटनेटकी.
घातला की मान आणखी दुखते,
म्हणून तो पाहुण्यांसाठी;
आणि पाहुणे आता फारसे येत नाहीत.

रात्री उजव्या कुशीवर होता येत नाही.
ती डावा हात लोकरीच्या बाहीतून सोडवते,
छातीवरून आडवा नेते.
त्याचं गोल, ऊबदार टोक
खांद्याच्या गाठीवर बरोबर बसतं.
दाबते. नख लागत नाही.

गाठ काही सुटत नाही.
पण कुणीतरी आलं, एवढं खांद्याला कळतं.
बाहेर पुन्हा बर्फ धरलाय.