दाव्याचं दुसरं टोक

आमचा बाप कोठ्यात झोपे,
बांड्या बैलापासून दोन हात दूर,
कुटाराच्या ढिगावर फारी आंथरून.
दाव्याचं एक टोक बैलाच्या मोरकीले,
दुसरं बापाच्या पायाच्या अंगठ्याले.
बैल उठला का बाप उठे.
तीन वाजता ढेप, चारले शेण,
मंग पाणी शेंदणं,
मंग कुठं तांबडं फुटे.

मी रातची भाकर घेऊन जाओ.
अंगठ्याभोवती काळा वळ,
जोडवं घातल्यावाणी.
पोट्टे चिडवत: लटारूचं लगन बैलासंगं लागलं.
बापही हासे.

साल ठरताना मालक समदं बोले:
सहा पोते जवारी, एक धोतर, चपलेचा जोड,
आजारी पडला तर खाडा.
झोप कोणाच्या हिशेबात नोती.
आज्यानं घेतलेले पैसे फिटले का नाही,
ते वही कोणी उघडून दाखवली नाही.

पाडव्याच्या आधीची एक रात
बाप घरी येई.
जुनं साल सरलेलं, नवं लागलेलं नाही.
माय वाकळ झटके, दिवा लवकर मालवे.
बाप आढ्याकडे पाहत पडून राहे,
या कुशीवरून त्या कुशीवर.
म्हणे, लय सुनं लागते वं, गिरजे.

एका साली मायनं सुतळी आणली.
एक टोक त्याच्या अंगठ्याले बांधलं,
दुसरं आपल्या.
बाप घोरू लागला.

मी जागीच होती.
माय सकाळपर्यंत हालली नाही.
एकदा मच्छर बसला तिच्या गालावर,
तरी नाही.