पान सातवरची मगर

पुण्याहून गद्रेबाईंचा फोन:
मगर सुरेख आलीय हो, पण जरा हसरी करता येईल का?
पान सातवर फारच मगरीसारखी दिसते.

दांडिया बाजारातला दुसरा मजला. खाली फरसाणवाल्याची कढई तापलेली,
टेबलावर कप, कपात ब्रश धुतलेलं हिरवं पाणी.
दोनदा चुकून प्यायलेय मी ते.
चहापेक्षा फार वाईट नव्हतं.

हसरी कशी करू?
तिचं तोंड मुळातच हसल्यासारखं शिवलंय,
भीती वाटते ती त्याचीच.

या महिन्यात सतरा मगरी काढल्या.
पहिली काळा घोड्याच्या पुलावर उभी राहून,
पर्स कठड्यावर, वही पर्सवर,
खाली विश्वामित्री, गाळात एक लांब ओंडका.
पाऊण तास मी ओंडकाच काढत होते,
साल, भेगा, एक बगळाही बसवला त्याच्यावर.
मग ओंडक्यानं डोळा उघडला
आणि मी वही मिटली.
चित्रकारानं नेमकी तेव्हाच तर उघडायची असते,
पण मागून रिक्षावाला ओरडला, बेन, पडशो!
आणि बगळा माझ्या आधी उडाला.

पुराच्या साली एक समाला आली होती,
भावाच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये,
दोन ॲक्टिव्हांच्या मधे नंबर लावल्यासारखी गप्प.
वहिनीनं वरून पोळी टाकली. पोळी!
तिनं बघितलंसुद्धा नाही.
तेच तर पुस्तक होतं माझं: पाहुणीला काय वाढायचं,
बत्तीस पानं, तीन ते सहा वयोगट.

तळमजल्यावरची हेतवी माझी पहिली वाचक.
मानधन दोन खारी, बुडवायला दूध वेगळं.
पानं उलटते, बोटाला जीभ लावून, मोठ्या माणसासारखी,
विचारते, मगर क्यां गयो?
मी म्हणते, गेली. मगर गेली.
गयो.
गेली.
खारी संपेपर्यंत हेच.
मग माझ्याकडे जरा कीव करून बघत,
तमारो मगर छोकरी छे?

तीस वर्षं झाली मला या गावात,
भाजी गुजरातीत घेते, भांडते मराठीत,
आणि हे कधी लक्षातच आलं नव्हतं
की नदीच्या एका काठावर तो निजतो,
दुसऱ्या काठावर ती,
आणि मधे, पाण्यात, नुसतं ते,
शेपटी हलवत, व्याकरणाला न भिता.
गुजराती आवृत्ती निघालीच कधी
तर चित्र तेच चालेल.
मजकूर बदलेल. मानधन बहुधा तेच.

हेतवीनं विचारलं नाही, पेन्सिल उचलली
आणि पान सातवर, माझ्या तीन दिवसांच्या त्या पिवळ्या डोळ्यावर
सरळ एक रेघ मारली. ऊंघे छे, म्हणाली.

मी ओरडणार होते.
कागद महाग होता, आर्चेस, शेवटचा.
पण मगर खरंच झोपली होती. तोंड तेच,
शिवण तीच, आता मात्र स्वप्नात काहीतरी खात असल्यासारखी.

गद्रेबाईंना कळवलं: हसरी जमत नाही.
निजलेली चालेल का?
ता. क. साळिंदराच्या पुस्तकाचा चेक अजून आला नाही.

उरलेल्या सोळा पलंगाखाली ठेवल्यात,
वर्तमानपत्रात गुंडाळून, डोळे उघडे.
रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा
पाय खाली सोडायच्या आधी, या वयात,
मी वाकून बघते.