सातव्या पायरीवर

रामबागेतल्या आमच्या घराला एकोणीस पायऱ्या,
बावीस वर्षांत मोजल्या नव्हत्या.
आता सातवीवर बसते.
समोर विजेचे चार मीटर, चार लाल ठिपके,
आमचा सगळ्यांत सावकाश लुकलुकतो.

मागून यशोधन, हातात फाइल, औषधांची पिशवी.
मी थांबायच्या आतच म्हणतो,
"थांब गं जरा, बुटाची नाडी."
त्याच्या पायात चपला असतात.

चौथ्या केमोला नर्स म्हणाली,
ओठ जुळवून श्वास सोडा,
गरम चहावर फुंकर घालतो ना, तसा.
तर मी इथं बसून
नसलेला चहा निववते.

जैनांची पंखुडी दोन-दोन पायऱ्या टाकत वर जाते.
"आंटी, पानी लाऊँ?"
मी नुसती मान हलवते.
एका "नको"ला अर्धी पायरी लागते.

हिशेब बसवलाय कसाबसा :
अंघोळीला स्टूल, भाजी पलंगावर निवडायची,
वेणीचा प्रश्न मिटलाच.
रात्री नणंदेचा फोन वाजू द्यायचा,
म्हणजे सकाळी खिडकीशी उभं राहता येतं,
खाली पोह्यांच्या ठेल्यावर
"भिया, थोडी सेव और" म्हणत
कुणीतरी भांडत असतं, ते ऐकत.
परवा तेवढंही झालं नाही.
झोपूनही दमले होते.

आज कशी कोण जाणे, नववीपर्यंत गेले.
वळून पाहिलं तर हा सातवीवरच,
वाकून
चपलेची नाडी शोधत.

हाक मारायला श्वास नव्हता.
मी थांबले.
त्याला लागेल तेवढा वेळ.